अरण्यातील अबिगेल

एकाकीपणाला एक जागा नेमून देणे ही परीकथेची फार जुनी वहिवाट आहे. कुणा कन्येला दार नसलेल्या बुरुजात आणि कुणा राणीला निबिड अरण्यात ठेवले की तिच्या मनःस्थितीचा निराळा दाखला देण्याची गरज कथाकाराला उरत नाही. हान्स अँडरसनने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या जलकन्येच्या कथेत तर तिची वाचाच हिरावून घेतली, आणि जिच्यासाठी तिने सागर सोडला ती प्रीती राजपुत्रापर्यंत पोहोचण्याचा मार्गच बंद केला. संगणकाच्या पडद्यावर वाचावयाच्या कथा हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे, स्टुडिओ एलानची ‘हार्ट ऑफ द वूड्स’ ही २०१९ सालची व्हिज्युअल नॉव्हेल शिकवताना मी प्रारंभ या जलकन्येपासूनच करते. कारण या नॉव्हेलमधील अबिगेलला वाचा आहे, रूप आहे, जिज्ञासाही आहे, परंतु कित्येक पिढ्या अरण्यात भटकत राहिलेल्या या प्रेतात्म्याला पाहणारे वा ऐकणारे कुणीच नाही.

कथानक थोडक्यात सांगते. अद्भुत घटनांच्या शोधाचा कार्यक्रम आंतरजालावर चालवणारी तारा आणि तिच्या कार्यक्रमाची सारी व्यवस्था पाहणारी, परंतु ते काम सोडण्याच्या विचारात असलेली तिची मैत्रीण मॅडी, या दोघी मॉर्गन नावाच्या तरुणीच्या निमंत्रणावरून आयझनफेल्ड या हिमाच्छादित, आडवाटेच्या गावी येतात. आणि तेथील अरण्यात मॅडीला अबिगेल दिसते. एका स्त्रीने दुसरीवर प्रेम का करावे, याचा खुलासा येथे कुणी कुणाकडे मागत नाही. प्रश्न असतो तो मॅडीने अबिगेलपर्यंत पोहोचावे कसे, हा.

व्हिज्युअल नॉव्हेल या साहित्यप्रकाराची बांधणी मोठी काटकसरीची आहे. जपानमध्ये १९९२ साली चुनसॉफ्टने ‘ओतोगिरिसो’ ही कृती काढली, तेव्हा मजकूर सगळ्या पडद्यावर पसरलेला असे. पुढे तो बहुधा खालच्या चौकटीत आला, आणि वर एक पार्श्वचित्र व त्यावर वाचकाकडे तोंड करून उभे असलेले पात्र, अशी रीत रूढ झाली. वाचकाने कळ दाबल्यावाचून पुढचे वाक्य उमटत नाही, आणि त्याने थांबायचे ठरवले तर पात्रही तितकाच वेळ त्याच्यासमोर तिष्ठत राहते. इतर कथांत हा निव्वळ सोयीचा मामला असतो. पण जिला युगानुयुगे कुणी पाहिलेले नाही ती अबिगेल जेव्हा अशी थेट आपल्या दृष्टीस दृष्टी देऊन उभी राहते, तेव्हा या प्रकारातील सर्वांत नित्याच्या संकेताला अकस्मात अर्थ प्राप्त होतो. शिवाय ही उभी चित्रे शेजारी शेजारी ठेवता येतात, पण त्यांचे हात एकमेकांच्या हातांत देता येत नाहीत. त्या एका स्पर्शासाठी चित्रकाराला संपूर्ण पडदा व्यापणारे स्वतंत्र चित्र काढावे लागते, ज्याला या क्षेत्रात ‘सीजी’ म्हणतात. अशी चित्रे खर्चिक म्हणून मोजकीच असतात. स्पर्शाला पारख्या झालेल्या नायिकेच्या कथेत ही चणचण मला कलेच्या पथ्यावर पडलेली वाटते, कारण त्यामुळे वाचकही त्या स्पर्शाची वाट पाहू लागतो.

स्त्रियांच्या परस्परप्रेमाच्या या कथांची परंपरा जपानमध्ये योशिया नोबुको या लेखिकेपर्यंत मागे जाते. ‘हाना मोनोगातारी’ ही तिची कथामाला १९१६ पासून मुलींच्या मासिकातून प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्यातील सख्यांच्या नशिबी बहुधा विरह येई. स्वतः नोबुकोने मात्र १९२३ साली भेटलेल्या मोन्मा चियो या सखीबरोबर संसार केला, तो १९७३ साली स्वतःच्या निधनापर्यंत. आणि विवाहाला कायद्याची संमती नसल्यामुळे १९५७ साली चियोला रीतसर दत्तक घेऊन तिला वारसाहक्क मिळवून दिला. जे सौख्य कथेत लिहिता आले नाही त्याची तजवीज या बाईंनी दत्तकाच्या दस्तऐवजाने केली, हे वाचून मन भरून येते.

आपल्याकडे हा विषय रंगभूमीवर निर्भयपणे आणला तो विजय तेंडुलकरांनी, १९८१ साली रंगमंचावर आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात. त्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. तथापि मित्रा या नायिकेची ती गोष्ट बापू या तिच्या मित्राच्या मुखातून आपल्यापर्यंत येते, आणि तिचा शेवट आत्मनाशात होतो. अबिगेलच्या कथेत निवेदन स्त्रियांच्याच हाती आहे, आणि सुखान्ताचे दारही उघडे आहे.

अशी कृती मराठीत का नाही, असे विद्यार्थिनी विचारतात. अशा कथा रचण्याची रेनपाय ही विनामूल्य प्रणाली २००४ पासून उपलब्ध आहे, आणि ‘हार्ट ऑफ द वूड्स’ तिच्यावरच रचलेली आहे. परंतु तिच्यात देवनागरीची जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाई. अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरजुळणीची नवी व्यवस्था आल्यामुळे ही अडचण आता दूर झाली आहे. म्हणून आमच्या लेखिकांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी अशी एक परीकथा मराठीत लिहावी, आणि तिचे निवेदन नायिकेच्याच मुखी ठेवावे.