डाव्या पुडीची कणीक

अल्लीपूरला काकड्याच्या दिवसांत आबाजी पहाटे मृदंग मांडीवर घेतात आणि डाव्या पुडीला भिजवलेली कणीक थापतात. थाप मारतात, कान देतात, चिमूटभर काढतात, पुन्हा मारतात. "कणीक बरोब्बर लागली, मंग पाय कसा घुमते." भजन संपलं की ती खरवडून टाकतात. दुसऱ्या पहाटे नवी कणीक.

मी लॅपटॉपवर सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथेसायझर उतरवला, तेव्हा ही कणीक आठवली नाही. बेस म्हणजे खोल आवाज, एवढंच ठाऊक होतं. साइन लहर घेतली, 55 हर्ट्‌झवर आणली. हेडफोनमध्ये छाती भरून आली. तोच तुकडा मोबाइलवर लावला, तर शांतता. काहीच वाजत नव्हतं.

55 हर्ट्‌झची एक लहर सहा मीटरहून लांब असते. आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तर साडेसहा. एवढी हवा हलवणं मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला कसं जमावं? आणि साइनमध्ये तो एकच सूर असतो. तो गेला की मागे काही उरत नाही. करवतीच्या दात्यांसारखी लहर, सॉ, घेतली की 55 सोबत 110, 165, 220 असे वरचे अंश येतात. स्पीकरनं खालचा गाळला तरी उरलेल्या अंशांवरून मेंदू तो स्वतः उभा करतो. नसलेला सूर ऐकू येतो! हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण नुसती सॉ कर्कश. म्हणून वरचे अंश कापणारा लो-पास फिल्टर. कुठून कापायचं ते ठरवणारा कटऑफ खाली आणत जायचा, आवाज मुका व्हायला लागला की किंचित वर. नवख्यानं रिव्हर्ब, कोरस यांना हातही लावू नये, सगळा वेळ या एका कळीवर घालवावा. मग फिल्टरला एन्व्हलप जोडायचा: अटॅक शून्य, डिके थोडका. सूर उघडतो आणि लगेच मिटतो, थापेसारखा. शेवटी एका वेळी एकच स्वर, आणि थोडा ग्लाइड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरणं. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढतात, तसा.

या घसरण्यासाठीच मला चरणजित सिंग जवळचे वाटतात. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या वादकानं 1982 मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्यात रोलंड कंपनीची टीबी-303 होती, गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून 1981 मध्ये काढलेली पेटी. ती फारशी खपली नाही, 1984 मध्ये बंदही पडली. पुढे शिकागोच्या पोरांनी तिच्यावरच ॲसिड हाउस हे नाचाचं संगीत उभं केलं. आधी सिंग की शिकागो, यावर लोक भांडतात. मी मात्र सिंग यांच्या रागांच्या सुरांवरून घसरत जाणाऱ्या त्या तारेसारख्या आवाजातच अडकतो.

कणीक आणि फिल्टर एक नव्हेत, हे मला कळतं. कणकेच्या वजनानं पुडीचं कंपनच मंदावतं. फिल्टर तयार सुराचे वरचे अंश कापतो. तरी हात तोच लागतो, चिमटीचा.

परवा ओसरीवर मी मोबाइल आबाजींच्या कानाशी धरला. डोळे मिटून त्यांनी पूर्ण तुकडा ऐकला.

"जडावला थोडा," ते म्हणाले. "चिमूटभर काढ."

मी कटऑफ वर केला.