कोळ्याचें कुलगोत्र

कोळी म्हटला कीं जाळें, अशी आपली समजूत असते. परंतु जाळें न विणतां रात्रीं धांवून शिकार करणारे आणि दिवसां दगडाखालीं रेशमी कोशांत निजणारे कोळीही पुष्कळ आहेत. शास्त्रज्ञ त्यांच्या एका मोठ्या कुलास नॅफोसिडी म्हणतात. आमच्या परसांतील फरशी उचलली म्हणजे त्यांतला एखादा काळसर, चपळ गृहस्थ हटकून भेटतो.

कुल ओळखणें फारसें अवघड नाहीं. कांचेच्या नळींत घालून भिंगांतून पाहिलें म्हणजे आठ डोळ्यांच्या दोन ओळी दिसतात. मागल्या ओळींतले मधले दोन बहुधा लांबट व तिरकस असतात. पोटाच्या टोंकाशीं तंतु सोडणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्यांपैकीं पुढल्या दोन एकमेकींपासून दूर असतात. वंशाचा प्रश्न मात्र बिकट. रंगावर विसंबून चालत नाहीं. तिसऱ्या व चौथ्या पायांवर ताठ केसांची बारीकशी फणी असेल, तर तो झेलोटिस किंवा त्याचा निकटचा आप्त. जबड्याच्या कडेस करवती कंगोरा असेल, तर नॅफोसा. जाति ठरवावयाची तर प्रौढ नराच्या तोंडाजवळील आखूड अवयवांची अथवा मादीच्या जननेंद्रियाची घडण सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावी लागते. म्हणजे कोळ्यास मद्यार्कांत बुडविणें आलेंच.

"काका, नुसतें नांव कळावें म्हणून त्याला मारायचें?" नळी हातांत धरून पुतणीनें मला विचारलें.

प्रश्न रास्त होता. मीं तिला म्हटलें, "बाळ, पुण्यास काम केलेल्या बी. के. टिकादरांचा ह्या कुलावरील १९८२ सालचा ग्रंथ अशाच जपून ठेवलेल्या नमुन्यांवर उभा आहे. कोणता कोळी कोठें राहतो हेंच नोंदलें नाहीं, तर उद्यां तो नाहींसा झाल्याचें तरी कोणास कळेल? पण आपल्या नळींतलें हें पोर अजून अप्रौढ आहे. ह्यास मारूनही जातीचें नांव हातीं लागावयाचें नाहीं."

तिनें वहींत तारीख, जागा व कुलाचें नांव लिहिलें, वंशाची जागा मोकळी ठेविली आणि कोळी फरशीखालीं सोडून दिला. घरांतील वडील मंडळींस ती नोंद अपुरी वाटली. मला ती पुरी वाटते. कारण जेवढें खात्रीनें दिसलें तेवढेंच तींत लिहिलेलें आहे, आणि तेवढ्यासाठीं कोणाचा जीव गेलेला नाहीं.