एक वेळ, अनेक वाटा

पर्वतीच्या १०३ पायऱ्या म्हणजे पुण्यातील कित्येक ज्येष्ठांच्या प्रकृतीचा रोजचा दाखलाच. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. तिकडे नेणाऱ्या दगडी पायऱ्या रुंद आहेत. घाई करणाऱ्याला त्या दमवितात, सबुरीने चढणाऱ्याला सांभाळून घेतात. आपण पहाटे येथे आलात, तर कठड्याशी थांबून दम घेणारे आजोबा आणि साडीखाली पांढरे बूट घातलेल्या आजी हमखास भेटतील. माथ्यावरून खाली सारसबागेची झाडी दिसते, जवळच तळजईचा हिरवा उतार, आणि हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड.

परंतु रोज येणाऱ्यांचे लक्ष या देखाव्याकडे फारसे नसते. ते असते शेजारच्या माणसाकडे. ‘काल दिसला नाहीत?’ हा प्रश्न पर्वतीवर देवदर्शनाइतकाच नेमाने विचारला जातो.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हा प्रश्न विचारण्याची जागाच हरपली. फिरायला जाणे बंद झाले. पासष्टी ओलांडलेल्यांनी तर घरातच राहावे, असे सांगण्यात आले. सहकारनगर, दत्तवाडी, सदाशिव पेठ, बिबवेवाडी अशा चहूबाजूंनी पर्वतीवर एकत्र येणारा आमचा चौदा जणांचा गट आपापल्या चार भिंतींत अडकला. कोणी एकटे, कोणी अंथरुणाला खिळलेल्या जोडीदारासोबत, कोणाची मुले परदेशी.

मग एक साधी गोष्ट ठरली. जागा गेली, तरी वेळ सोडायची नाही. पहाटे सहाला प्रत्येकाने बूट घालून आपल्या घरी चालायला लागायचे, आणि त्याआधी यादीतल्या पुढच्या माणसाला एक मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ ‘निघालो’. पाऊण तासाने दुसरा, म्हणजे ‘पोहोचलो’. चौदाव्याचा मिस्ड कॉल पहिल्याला जाई आणि साखळी पूर्ण होई. स्मार्टफोन नसलेल्यांनाही हे सहज जमले.

वाटा मात्र निराळ्या होत्या. कोणाची गच्ची, कोणाची गॅलरी, कोणाचा स्वयंपाकघर ते दिवाणखाना एवढाच रस्ता. दहा मीटरचे अंतर शंभर वेळा चालले की एक किलोमीटर भरतो, हा हिशेब सर्वांना तोंडपाठ झाला. टोकाशी गर्रकन वळल्याने काहींना भोवळ येऊ लागली, तेव्हा दोन खुर्च्या अंतरावर ठेवून त्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात सावकाश फिरण्याची युक्ती निघाली. ओली फरशी, दुमडलेली सतरंजी आणि घसरणाऱ्या सपाता या तीन शत्रूंची आधी व्यवस्था लावायची, हेही ठरले. संध्याकाळी फोनवर ज्याने त्याने आपल्या वाटेचे वर्णन करायचे. रहदारी थांबलेल्या शहरात तांबट पक्ष्याची टुकटुक किती दूरवर ऐकू येते, समोरचा बहावा आज किती फुलला, हे बोलता बोलता ऐकणाऱ्याचीही आणखी एक फेरी होऊन जाई. ज्यांच्या गच्चीतून पर्वतीचे शिखर दिसे, त्यांच्याकडे तर रोज टेकडीची खुशाली विचारली जाई.

या साखळीचे मोल मे महिन्यातल्या एका सकाळी कळले. एकट्या राहणाऱ्या आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ताईंचा मिस्ड कॉल आला नाही. ‘झोप लागली असेल’ असे म्हणून गप्प बसायचे नाही, पंधरा मिनिटे वाट पाहून फोन करायचा, तो न उचलल्यास शेजाऱ्यांना कळवायचे, हा नियम होता. शेजाऱ्यांचे क्रमांक प्रत्येकापाशी होते आणि घराची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे होती. ताई न्हाणीघरात पडल्या होत्या. मनगट मोडले होते, पण शुद्ध होती आणि अर्ध्या तासात त्यांना मदत मिळाली. ती साखळी नसती, तर दूधवाल्याखेरीज दार वाजविणारे कोणी नव्हते, आणि तोही पिशवी अडकवून निघून गेला असता.

वृद्धांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अर्थात आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि झेपेल तेवढेच. चालण्याचा लाभ पायांना होतो, हे आपण जाणतोच. आपली वाट पाहणारे कोणीतरी आहे, ही जाणीव मात्र घरातून पाऊल उचलायला लावते.

आज पर्वती पुन्हा गजबजलेली असते. तरी पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या झाल्या, कोणाचा गुडघा दुखावला, कोणी मुलाकडे परगावी गेले, की साखळी आजही चालते. आपल्या घरी वडीलधारे असतील, तर ‘किती चाललात?’ याच्या जोडीला ‘आज कोणाचा फोन आला नाही?’ हेही विचारावे. आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर उद्या सकाळी मिस्ड कॉल कोणाला द्यायचा, ते आजच ठरवून ठेवावे.