सामासिक अंतर

आमच्या घराची मधली भिंत नऊ इंचांची आहे. तिच्या अलीकडे आम्ही राहतो, पलीकडे थोरल्या बंधूंचे कुटुंब. बंधूंना जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीनंतर पुतण्याने पलीकडची बाजू विकावयाचे ठरवले आणि त्यासाठी आमची सही मागितली. सही देण्यास आमची ना नव्हती. पण गिऱ्हाइकाच्या वकिलाने कागद चाळले आणि विचारले, "घर अर्धे आहे हे दिसतेच आहे, पण जमीन अर्धी कुठे आहे?" प्रश्न कायद्याचा होता. जन्मभर मराठी शिकवण्यात गेल्यामुळे आम्हांला तो भाषेचाही वाटला, आणि त्या निमित्ताने आम्ही घरातले जुने कागद काढून बसलो.

वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. शिक्षकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने गावाबाहेरची शेतजमीन घेतली, ती बिनशेती करून घेतली आणि तिचे रेखांकन मंजूर करवले. (कागदोपत्री रेखांकन, बोलताना त्याला ले-आउटखेरीज दुसरा शब्द कोणी वापरल्याचे आम्ही ऐकलेले नाही.) त्या नकाशाची निळी प्रत अजून आमच्याकडे आहे. नऊ मीटरांचे रस्ते, एका कोपऱ्यात दहा टक्के मोकळी जागा आणि उरलेल्या भागात क्रमांक घातलेले चाळीस चौकोन. १९७८ साली वडिलांच्या वाट्याला आलेला चौकोन बारा मीटर रुंद आणि पंचवीस मीटर खोल होता. म्हणजे ३०० चौरस मीटर, तीन गुंठ्यांना जरासा कमी. खरेदीखतात चतुःसीमा दिल्या आहेत आणि पुढे जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिल्याचे लिहिले आहे. इनामपत्रांतली ही शब्दावली तालुक्याच्या दस्तलेखकाच्या टंकयंत्रातून बिनचूक उतरलेली पाहून आम्हांला नेहमी मौज वाटत आली. निधी-निक्षेप सोडाच, त्या जागेत एक बाभळ तेवढी होती, ती वडिलांनी पहिल्याच वर्षी काढून टाकली आणि पुढच्या बाजूस तीन खोल्या बांधल्या.

आई आधी गेली, वडील २००९ साली. तीन खोल्यांत दोन संसार आणि चार वाढती मुले मावेनात. भांडण झाले नाही, पण होईल अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा बंधूंनी आणि आम्ही मिळून जागेची वाटणी करावयाचे ठरवले. हिशेब सरळ होता: बारा मीटरांचे सहा आणि सहा. तो घेऊन नगरपालिकेत गेलो. तेथील अभियंत्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, फूटपट्टी नकाशावर ठेवली आणि म्हणाले, "सर, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सामासिक अंतर सोडा. सहातून तीन गेले, तीन उरले. दहा फुटांच्या बोळात राहणार का?" शिवाय हे रेखांकन स्वतंत्र बंगल्यांसाठी मंजूर झालेले, त्यातल्या चौकोनाचे पुन्हा दोन तुकडे त्या वेळच्या नियमांत बसत नव्हते. मग त्यांनीच तोड सुचवली: प्लॉट एकच ठेवा, घरे दोन बांधा, मधली भिंत सामाईक घ्या. बारातून बाहेरच्या बाजूंचे तीन मीटर वजा केले की नऊ उरतात आणि प्रत्येकाला साडेचार मीटर रुंदीचे घर मिळते. आम्ही तसेच केले. एक नकाशा, एक बांधकाम परवाना, एक भोगवटा प्रमाणपत्र आणि मालमत्ता पत्रकावर एकाच क्रमांकापुढे दोघा भावांची नावे.

सामासिक अंतर हा शब्द तेव्हापासून मनातून जात नाही. पानाच्या कडेला कोरी सोडलेली पट्टी म्हणजे समास, आणि दोन शब्द एकमेकांत मिसळून एक होणे म्हणजेही समासच. नगररचनेच्या मराठीने पहिला अर्थ उचलला. आमच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकदम लागू झाले: परक्या शेजाऱ्यांपासून दीड-दीड मीटर अंतर, आणि सख्ख्या भावाशी असा समास की ज्याचा विग्रह करावयास परवानगी नाही.

नियम निर्बुद्ध नव्हता, हेही सांगितले पाहिजे. बाजूची जागा सुटली नाही तर खिडकीला उजेड आणि वारा कुठून मिळणार? आग लागली तर पाण्याचा पाइप मागल्या बाजूला न्यायचा कसा? प्रत्येक प्लॉटचे दोन झाले तर चाळीस घरांसाठी टाकलेल्या जलवाहिनीवर ऐंशी घरे येणार. हे सगळे पटण्यासारखे आहे. पण पुढच्या दहा वर्षांत आमच्या वसाहतीत निम्म्याहून अधिक ठिकाणी जोडबंगले उठले, आणि तेही परवानगीनेच. चुली दुप्पट झाल्या तर चालतात, क्रमांक दुप्पट झालेले मात्र चालत नाहीत. जलवाहिनीला चूल आणि क्रमांक यांतला फरक कळत असेल असे आम्हांला वाटत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात असतो. पुतण्याच्या व्यवहाराची हकीकत ऐकून त्याने तिकडची गोष्ट सांगितली. तिथे ड्युप्लेक्स म्हणतात ते आपल्या जोडबंगल्याला किंवा एकावर एक अशा दोन स्वतंत्र घरांना. (आपल्याकडच्या जाहिरातींत ड्युप्लेक्स म्हणजे पोटात जिना असलेले दुमजली घर, शब्दाने प्रवासात अर्थ बदलला, त्याची तक्रार नाही.) अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत निवासी भागाचा मोठा पट्टा एका प्लॉटवर एकच कुटुंब या हिशेबाने राखलेला होता. ऑरेगॉनने २०१९ साली कायदा करून दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांना सांगितले की जिथे एका कुटुंबाचे घर चालते तिथे दोन कुटुंबांचेही चालू द्या. त्यात दहा हजार वस्तीची लहान गावेही आली, हे आम्हांला विशेष वाटले. पण घरे दोन आणि खालची जमीन एक, तर अर्धे घर विकायचे कसे, हा आमच्या वकिलाचाच प्रश्न तिथेही उभा राहिला असणार. कारण २०२१ साली त्यांनी दुसरा कायदा केला आणि अशा घरांखालची जमीनही वेगवेगळी करून देण्याची वाट मोकळी केली.

इथवर कागद लावून झाल्यावर तळाशी एक पातळ दस्त सापडला. तो तिथे आहे हे आम्हांला ठाऊक होतेच. विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. ते ताईचे हक्कसोडपत्र. आम्हां तिघांत ताई मधली. वडिलांची जागा स्वकष्टार्जित, त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, तेव्हा १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे तिचा तिसरा हिस्सा आमच्याइतकाच पक्का होता. बांधकामाच्या अर्जाआधी नावे सुटसुटीत करावीत असे कोणीतरी सुचवले (बंधूंनी की आम्ही, ते आता आठवत नाही आणि आठवून उपयोग नाही), आणि २०१० च्या मे महिन्यात दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नाममात्र मुद्रांकावर ताईने सही केली. राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय, असे दस्तात आहे. कचेरीतून बाहेर पडल्यावर आम्ही तिघांनी उसाचा रस घेतला. दीड मीटर अंतरासाठी नगरपालिकेने आमचा नकाशा तीनदा परत पाठवला. शंभर चौरस मीटरांचा हा हिस्सा अर्ध्या तासात नाहीसा झाला आणि कोणी फूटपट्टी लावली नाही.

महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. पुढे कितीतरी वर्षे आम्ही ते वर्गात शिकवले. अंगणात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर, वाड्याची आणि दागिन्यांची विवंचना, आणि शिकायचे राहून गेलेली प्रभा. प्रभाविषयी बोलताना वर्ग शांत होई, आमचा आवाजही किंचित बदले. २०१० च्या जूनमध्ये, म्हणजे त्या सहीनंतर महिन्याभराने, तो पाठ आम्ही पुन्हा घेतला होता. शिकवताना काही खटकल्याचे आठवत नाही. चाळीला 'बटाट्याची चाळ' मिळाली, वाड्याला एलकुंचवार मिळाले; जोडबंगल्याला अजून कोणी भेटलेले आमच्या वाचनात नाही. कदाचित तो फार नीटनेटका दिसतो म्हणून असेल. त्यातली पडझड बाहेरून दिसत नाही.

ताईचे यजमान खासगी कारखान्यात कारकून होते. २०१२ साली त्यांनी गावाबाहेर एक गुंठा घेतला. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, १,०८९ चौरस फूट. इंग्रजांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यातून जी मोजणी सुरू केली, तिच्यातली साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. चाळीस गुंठे झाले की एकर. ते माप शेताचे होते. एका बैलजोडीच्या आवाक्याचा विचार करून सर्व्हे नंबर पाडले गेले, घराचा विचार त्यात कुठून येणार? पुढे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आला, शेताचे फार लहान तुकडे होऊ नयेत म्हणून. शहरे वाढली तसे शेतकरी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकू लागले आणि हाच कायदा घेणाऱ्यांच्या आड आला. मग लोकांनी वाटा काढल्या. कुठे नुसते नोटरीचे कागद झाले. ताईच्या वस्तीत अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत केले. सातबाऱ्यावर अकरा नावे, सगळी सामाईक. एकमेकांना न ओळखणारी अकरा कुटुंबे कागदावर एकत्र कुटुंबासारखी नांदू लागली. जमिनीवर मात्र प्रत्येकाने आपापला गुंठा तारेने आखून घेतला, कडेपर्यंत बांधकाम केले, आणि जाण्यायेण्यापुरती सहा फुटांची गल्ली सोडली. गटार कोणाच्याच गुंठ्यात आले नाही.

अशा वस्त्या महाराष्ट्रातल्या किती शहरांत आहेत ते सांगावयास नको. सांगलीत शामरावनगरची बातमी दर पावसाळ्यात साचलेल्या पाण्यासह येते. २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या भूखंडांना होता. २०२१ मध्ये मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली, तेव्हा ताईचा गुंठा त्यात बसला. प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरून तिने प्रमाणपत्र मिळवले. आज स्थिती अशी आहे की सगळे नियम पाळून उभ्या राहिलेल्या आमच्या घराची अर्धी बाजू विकता येत नाही, आणि तारेने आखलेला तिचा गुंठा तिच्या एकटीच्या नावावर आहे. यात न्याय आहे की अन्याय, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही; तिच्या दारापुढे पाणी साचते, आमच्या दारापुढे साचत नाही, एवढे खरे.

वकिलाला ताईच्या हक्कसोडपत्राची पुष्टी हवी होती, म्हणून श्रावणात तिच्याकडे गेलो. गल्लीत विटा टाकल्या होत्या, त्यांवरून पाय टाकत घरात शिरलो. ताईने चष्मा न लावताच सही केली. मग आम्ही मनातले बोललो. तिच्या तिसऱ्या हिश्श्यापैकी जेवढे आमच्याकडे आले तेवढे, म्हणजे आमच्या अर्ध्यातला तिसरा भाग, बक्षीसपत्राने तिच्या नावे करावयाचा आहे. जमीन तोडावी लागणार नाही. ती अविभक्तच आहे, पत्रकावर तिसरे नाव चढेल इतकेच. पुतण्याचे विचारू नकोस, त्याला आम्ही सांगितले आहे, तो अजून काही बोललेला नाही.

ताईने ऐकून घेतले. "दादा गेला, आता तुला सुचलं होय?" एवढेच म्हणाली आणि आत जाऊन चहा टाकला. परत आली ती एक वही घेऊन. "नाव लावायचं ते लाव नाहीतर नको लावूस. मला आधी हा अर्ज लिहून दे. गटारासाठी प्रत्येकानं दीड-दीड फूट सोडायचं ठरलंय. नऊ जण तयार आहेत, दोघं अडून बसलेत. तू चांगल्या मराठीत लिहिलंस तर कदाचित करतील सही."

आम्ही लिहावयास बसलो. 'विषय' या शब्दापुढे बराच वेळ थांबलो. ताई म्हणाली, साधं लिही, त्यांना कळलं पाहिजे. दोनदा खोडून अर्ज झाला. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. दोघांपैकी एकाने सही केली आहे. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे.