चिघळलं की चिघळत ठेवलं?

आमच्या ऑफिसात दिवसभर कानावर पडणारं क्रियापद म्हणजे ‘एस्कलेट’. पुण्यातल्या कुठल्याही सपोर्ट टीममध्ये तासभर बसून बघा. ‘कस्टमर चिडलाय, एस्कलेट कर.’ ‘आजही रिप्लाय आला नाही, तर मी एस्कलेट करणार.’ ‘एवढ्याशा गोष्टीसाठी एस्कलेट कशाला केलंस?’ पहिल्या वाक्यात तो सुटकेचा मार्ग असतो, दुसऱ्यात धमकी आणि तिसऱ्यात सरळसरळ तक्रार.

डिक्शनरीत या शब्दाचा अर्थ ‘वाढणं, तीव्र होणं’ असा सापडतो. ऑफिसात मात्र तो ‘वरच्याकडे नेणं’. गंमत म्हणजे ऑफिसातला अर्थच शब्दाच्या मुळाला जास्त जवळचा आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओटिस कंपनीने सरकता जिना मांडला. ‘एस्कलेटर’ हे त्याचं नाव, तेव्हा चक्क ट्रेडमार्क. ‘एस्कलेट’ हे क्रियापद त्या नावावरून नंतर पाडलं गेलं. पुढे शीतयुद्धाच्या काळात ते युद्धाच्या भाषेत शिरलं. हर्मन कान या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ साली ‘ऑन एस्कलेशन’ या पुस्तकात संघर्षाची ४४ पायऱ्यांची शिडीच मांडली. तळाशी साधा तणाव, टोकाला अणुयुद्ध.

इंग्रजीत या शब्दाचे सख्खे-चुलत बरेच आहेत. चक्रीवादळ ‘इंटेन्सिफाय’ होतं. डॉक्टरांच्या फाइलीत दमा ‘एक्झासर्बेट’ होतो. ‘अ‍ॅग्रव्हेट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘जड’ हा शब्द आहे, म्हणजे आधीच्या दुखण्यावर आणखी वजन टाकणं.

मराठीत तर प्रत्येक गोष्टीची वाढण्याची रीतच वेगळी. ताप चढतो, आजार बळावतो, पाऊस जोर धरतो, भाव कडाडतात, आग भडकते, भांडण विकोपाला जातं. उत्सुकता शिगेला पोहोचते. धान्याचं माप काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. त्यावर आणखी मूठभर टाकलं तर घरंगळून खाली येतं. आता याहून जास्त मावणार नाही, हे त्या शब्दातच आहे.

आणि वाद? वाद चिघळतो. हा शब्द जखमेचा.

आमच्या घरात तो गेली अकरा वर्षं वापरात आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाबांचं आणि काकांचं वावर लागून आहे, मध्ये बांध. एका वर्षी नांगरट करताना तो बांध कोरला गेला. कोणी कोरला, याचं उत्तर दोन्ही घरांत वेगवेगळं मिळतं. सुरुवातीला नुसती बोलाचाली झाली. मग मोजणी आणली. मग तलाठ्याकडे फेऱ्या, मग तहसील, शेवटी दिवाणी दावा. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर तिकीट लेव्हल वनपासून थेट वरपर्यंत गेलं आणि अजून ओपन आहे. दिवाळीत या घरातून त्या घरात जाणारा फराळाचा डबा थांबला. चुलत बहिणीचं लग्न झालं, तेव्हा बाबा त्या दिवशी पुण्यातच थांबले. आम्ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिले.

कोणी विचारलं की घरातलं उत्तर ठरलेलं, ‘काय सांगायचं, प्रकरण चिघळलं.’

या वाक्यात माणूसच नाही, हे माझ्या लक्षात आलं ते ऑफिसच्या शब्दामुळे. ‘एस्कलेट केलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कोणी केलं? मेलमध्ये नाव असतं, वेळ असते. ‘चिघळलं’ला असं कोणी विचारत नाही. जणू रात्री सगळे झोपले असताना ते आपोआप झालं. बाबांनी चिघळवलं नाही, काकांनीही नाही.

पण मराठीतच आणखी एक प्रयोग आहे, बातम्यांत नेहमी दिसणारा. ‘सरकारने प्रश्न चिघळत ठेवला.’ यात कोणी काही केलेलं नसतं, तरी नाव मात्र येतं. फोन न करणं, समोरून येताना दिसल्यावर रस्ता बदलणं, तारखेला नुसतं वकिलाला पाठवणं, हे सगळं त्या ‘ठेवला’मध्ये बसतं. आमच्या घरासाठी हेच क्रियापद जास्त खरं आहे. फक्त ते कोणी उच्चारत नाही, कारण ते उच्चारलं की पुढे नाव घ्यावं लागतं.

कमी होण्याचे शब्दही आपल्याकडे खूप आहेत. पूर ओसरतो, गढूळ पाणी निवळतं, राग शांत होतो. यातलं बरंचसं नुसती वाट पाहिली तरी घडतं. त्यामुळे बाबांचं ‘वेळ जाऊ दे, होईल सगळं नीट’ हे अगदीच चूक म्हणता येत नाही. पण त्यांनी शब्द निवडलाय जखमेचा आणि उपाय शोधलाय पुराचा.

आजी आता फारशी बोलत नाही. तिचे दोन्ही मुलगे तिला वेगवेगळ्या दिवशी भेटायला जातात. दोघांनाही ती एकच वाक्य ऐकवते, ‘मिटवा रे आता.’ ‘मिटू दे’ असं ती म्हणत नाही. लहानपणी गुडघा फुटला की आम्हाला नळाखाली धरायचीही तीच. आम्ही ओरडायचो, आणि ती म्हणायची, झोंबणारच, धुतल्याशिवाय भरायची नाही.