गवताच्या काड्या

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले तेव्हा आम्हां उभयतांना प्रथम वसतिगृहाचे दिवस आठवले. परंतु ज्या गोष्टीने गेले वर्ष घर ढवळून काढले, तीच लिहावी असे अखेर ठरले.

आमची कन्या आपल्याच शाळेत सातवीत शिकते. गतवर्षी उन्हाळी सुट्टीत तिच्या मावशीने तिला दोन गिनीपिग दिले. सुट्टी संपताच ती वसतिगृहात परतली आणि ते दोन जीव बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांत आमच्या स्वाधीन झाले. गॅलरीत ठेवावे तर वर पत्रा; हा प्राणी उन्हाच्या तापाने दगावतो. म्हणून पिंजरा घरातच आला.

नाव फसवे आहे. हा ना डुक्कर, ना गिनी देशातला. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी त्याला अखंड सुके गवत चघळावे लागते. गवताची आपल्या भागात वाण नाही. दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत कापले जाते. दाबून बांधलेले गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांकडे पाठविण्याचा येथील व्यापार जुनाच आहे. आम्हीही एक लहान गठ्ठा घरी आणला.

पावसाळ्यात विशेष त्रास झाला नाही. डिसेंबरात पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि काड्या जणू जिवंत झाल्या. पिंजऱ्यातील मऊ फ्लीसला, पडद्याला, प्लास्टिकच्या खुर्चीला त्या चिकटून बसत. झटकल्या तर दुसरीकडे जाऊन चिकटत. प्लास्टिकच्या झाडूने तर त्या अधिकच नाचत. घरात आजी आहेत, त्यांना दमा आहे. एका पहाटे त्यांना इतकी धाप लागली की दवाखाना गाठावा लागला. डॉक्टर म्हणाले, "घरातली धूळ कमी करा, नाहीतर प्राणी दुसऱ्यांना देऊन टाका."

त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिने प्रथम गिनीपिगांचीच खुशाली विचारली. आम्ही खोटे बोललो, सर्व ठीक आहे म्हणालो.

आमच्यापैकी एकजण तारापूर एमआयडीसीतील कापड गिरणीत कामाला आहे. तेथे सूत तुटू नये आणि धाग्यांत वीज साठू नये म्हणून हवेत मुद्दाम दमटपणा राखतात. पॉलिएस्टर घासले की त्यावर विद्युतभार साठतो. हवा कोरडी असल्यास तो वाहून जात नाही. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच! रोज गिरणीत जे पाहतो ते घरी उमगायला महिना लागावा, याची आम्हांस लाज वाटली.

मग आम्ही उत्साहाच्या भरात गवतावरच पाणी शिंपडले. दोन दिवसांत कुबट वास सुटला. बुरशीचे गवत प्राण्यालाही घातक आणि दमेकऱ्यालाही. सारा गठ्ठा फेकून द्यावा लागला. त्यानंतर फ्लीस काढून जुन्या सुती साड्यांच्या घड्या अंथरल्या, गवत बाहेर जिन्यात झटकून मगच आत आणू लागलो, झाडूऐवजी ओले फडके फिरवू लागलो. वसतिगृहात पहाटे खोली ओल्या फडक्याने पुसण्याची पाळी असे, तेव्हा आम्ही कुरकुरत असू.

काड्या बऱ्याच कमी झाल्या, धाप पूर्ण गेली नाही. पिंजरा द्यायचाच असे आम्ही ठरवले तेव्हा आजींनी अडवले.

"पोरीला न विचारता घालवायचे नाहीत. पिंजरा बाहेरच्या खोलीत ठेवा, मी आत झोपेन."

आम्ही मुलीला पत्राने सर्व खरे कळवले. तिचे उत्तर चार ओळींचे होते: सुट्टीत येऊन ती स्वतः ठरवणार होती, तोवर आजीने पिंजऱ्याजवळ बसू नये.

आजी तेवढे मात्र ऐकत नाहीत. दुपारी पदराला लागलेली काडी त्या चिमटीने उचलतात आणि जाळीतून आत सरकवतात.