आम्ही दोघी जावा

जावा या संगणकभाषेची परीक्षा देऊ पाहणाऱ्या आम्ही नात्यानेही जावाच. घरात यावरून रोज एक तरी विनोद होतो. ही भाषा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने आणली. जेम्स गॉस्लिंग तिचे जनक. २०१० पासून ती ओरॅकलकडे आहे व परीक्षाही तीच कंपनी घेते. आम्ही निवडली ती जावा १७ ची. ९० मिनिटे, ५० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ६८ टक्के. म्हणजे ३४ उत्तरे बरोबर हवीत आणि एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत.

थोरलीने मुलांसाठी नोकरी सोडली त्याला सात वर्षे झाली. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या सात वर्षांचाच येतो. धाकटी कंत्राटावर आहे. कायम करण्याची यादी निघते तेव्हा प्रमाणपत्र विचारतात.

कामावर संगणक चुकलेल्या ओळीखाली लाल रेघ ओढतो. परीक्षेत तो आधार नाही. म्हणून आम्ही प्रोग्राम वहीत पेनानेच लिहितो.

वाचक भगिनींनो, एक गंमत सांगतो. इंटिजरच्या दोन डब्यांत १२७ हा आकडा ठेवून दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहिला, तर जावा 'खरे' म्हणते. १२८ ठेवला की 'खोटे'! सासूबाई मेथी निवडत ऐकत होत्या. त्यांना सांगितले, हे चिन्ह आतला जिन्नस बघत नाही, डबा तोच आहे का एवढेच बघते. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे डबे जावाने आधीच भरून ठेवलेले असतात, तेच ती पुन्हा पुढे करते. त्यापुढे दर वेळी नवा डबा.

"मग आतलं बघायचं तर?" त्यांनी लगेच विचारले. त्यासाठी इक्वल्स! चौथी शिकलेल्या बाईने नेमका पुढचा धडा विचारला.

फी मात्र जबर. दोघींची एकदम भरणे जमणारे नव्हते.

"ताई, आधी तुम्ही बसा. माझा पगार तरी चालू आहे," धाकटीचे म्हणणे.

"अगं, यादी तुझ्यासाठी थांबणार आहे का?" थोरलीचे.

दोन रात्री हाच वाद चालला. यादी मार्चमध्ये निघते, म्हणून शेवटी धाकटीची फी भरली, थोरलीची जूनमध्ये. तोवर मुले झोपली की थोरली दहा प्रश्न काढून धाकटीला विचारते, आणि पुष्कळदा उत्तर आधी तिलाच सुचते.